नऊ वाव

१

दर गुरुवारी सकाळी सव्वाआठची लांजा गाडी पकडायची, अलीकडच्या फाट्यावर उतरायचं, सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरून, वीस मिनिटं चालायचं आणि यमुनाबाईंच्या विहिरीत जाळं सोडायचं, हा माझा नेम आहे. लोक गुरुवारी दत्ताला जातात, मी विहिरीला जाते. माझा नवरा रितेश सगळ्यांना सांगतो की हिने लग्न माझ्याशी केलं आणि संसार विहिरीशी. सुरुवातीला राग यायचा. आता मीच पाहुण्यांना हा विनोद ऐकवते.

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पण माझा खरा विषय जमिनीखालच्या पाण्यातले जीव हा आहे. जांभ्याच्या कातळात आत भेगा असतात, पोकळ्या असतात. त्यांत पाणी असतं आणि त्या पाण्यात जन्मभर उजेड न पाहिलेले, डोळे नसलेले, बिनरंगाचे बारीक प्राणी राहतात. ते माणसाच्या हाती लागायची जागा एकच, विहीर. हा विषय करणारे देशभरातले सगळे लोक एका सुमोत मावतील आणि तरी मागची सीट रिकामी राहील. परिषदांमध्ये आमचा नंबर जेवणानंतर लागतो. अध्यक्ष डोळे मिटून ऐकतात आणि शेवटी विचारतात, "याचा उपयोग काय?"

या विषयाचं वेड मला मयेकर सरांनी लावलं. सर मूळचे नाटे गावचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. दोर मीटरमध्ये मोजणं त्यांना कधी पटलं नाही. ते वावेत मोजत. दोन्ही हात पसरले की एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत जे अंतर होतं ती एक वाव. सरांनी स्वतःच्या हातांनी मापून दोराला वावेवावेवर गाठी मारल्या होत्या. खाली पितळी कडं असलेलं जाळं. कडं विहिरीच्या तळाला टेकलं की दोरातून बोटांत एक बारीक 'टक' येई आणि सर म्हणत, "नऊ." मग जाळं वर येई, सर त्यात डोकावत आणि म्हणत, "शून्य." मी वहीत लिहीत असे. वाव नऊ, नग शून्य. सोळा वर्षं मी हेच दोन आकडे लिहिले.

त्याच्याआधी, सव्वीस वर्षांपूर्वी, सरांना याच विहिरीत एक प्राणी सापडला होता. कुठल्याच पुस्तकात नसलेला. सरांनी मोठ्या आनंदाने चार ठिकाणी पत्रं लिहिली आणि दोन महिन्यांत कळवलं की बाटली फुटली, नमुना गेला. मग काय, लोकांना विषयच मिळाला. 'मयेकरांचा मासा' म्हणजे नसलेली गोष्ट, असा आमच्या लोकांत वाक्प्रचारच पडला. सर हसून घ्यायचे. म्हणायचे, "नम्रता, एक सापडला तर अपघात. दोन सापडले तर जात." दुसऱ्यासाठी ते जन्मभर त्या विहिरीला चिकटून बसले, असं मी समजत होते.

२

गेल्या दिवाळीत सरांना पक्षाघात झाला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचाही गेली. एकच शब्द उरला, "किती?" डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, एखादा शब्द जिभेवर राहून जातो. समुद्राकाठच्या भाट्ये गावातल्या सरांच्या घरात त्यांची धाकटी बहीण सावित्रीताई त्यांचं करतात. दर गुरुवारी विहिरीवरून आले की मी संध्याकाळी तिथे जाऊ लागले. मला पाहिलं की सर डावा हात बाजूला लांब ताणायचे आणि विचारायचे, "किती?"

मी म्हणायची, "शून्य, सर."

त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते पुन्हा हात ताणायचे, पुन्हा विचारायचे. सावित्रीताई म्हणायच्या, "व्यायाम करतो हो तो. डॉक्टरांनी हात हलवायला सांगितलाय." मला मात्र भडभडून यायचं. या अवस्थेतही माणूस दुसऱ्या नमुन्याची वाट बघतोय, याचं.

जाळं आता माझ्याकडे आलं होतं. इतकी वर्षं सरांनी मला त्याला हात लावू दिला नव्हता. "जाळं मी टाकणार, तू लिही," हा नियम. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा दिसलं की तळाला चांगलं मुठीएवढं भोक आहे. म्हाताऱ्याची नजर गेली होती आणि सांगायचा संकोच वाटला असेल, असं मला वाटलं. मी बारीक जाळीचं कापड आणून दुपदरी शिवून टाकलं.

आणि जानेवारीच्या दुसऱ्या गुरुवारी तो आला. करंगळीच्या नखाएवढा, काचेसारखा आरपार, डोळे नाहीत. पुढचे दोन हात अंगाच्या दुप्पट लांब आणि दोन्ही बाजूंना सरळ पसरलेले. मी कठड्यापाशी बसून रडले. मग स्पिरिटच्या कुपीत तो सोडला आणि पेन्सिलने चिठ्ठी लिहून आत टाकली.

सरांना सांगितलं नाही. आमच्या धंद्यात पक्कं झाल्याशिवाय बोलायचं नसतं, आणि घाईने बोलल्याची शिक्षा सरांनी सव्वीस वर्षं भोगली होती. मी त्या प्राण्याचा उजवा हात कापून दूरच्या एका प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवला. तिथून होकार आला की कुपी सरांच्या डाव्या हातात ठेवायची, असं ठरवलं. तोवर विचारलं की शून्य. हे खोटं बोलताना मला किती गोड वाटायचं, ते आता आठवलं की अंगावर काटा येतो.

३

फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी दोर साडेआठ गाठींवर थांबला.

मी पुन्हा सोडला. साडेआठच. बोटांत 'टक' आलं नाही. कडं कशावर तरी अलगद टेकलं आणि दोर ढिला पडला. दोर आखडला म्हणावं, तर आखडलेल्या दोराच्या गाठी जास्त भरल्या असत्या, कमी नाही. मोजण्यात चूक म्हणावी, तर नऊपर्यंतचे आकडे मला येतात. उरला गाळ. विहिरीत गाळ साठतो, त्यात काही नवल नाही. मी वहीत लिहिलं, 'वाव साडेआठ. गाळ.'

यमुनाबाई कळशी घेऊन आल्या. सत्तरीच्या आहेत, अंगाने काटक. मुलगा निलेश मुंबईला, घरात एकट्याच. घरात रेंज नाही म्हणून फोनही विहिरीच्या कठड्यापाशी येऊन करतात.

"बाय, काय गावला काय?"

"नाही. तुमच्या विहिरीत गाळ साठलाय थोडा."

त्यांनी वाकून पाहिलं. "गाळ? बगा की, पानी आरशासारखा हाय. परवा माजा चमचा पडला तो वरसून दिसत होता."

"तळाच्या भेगांत असतो तो. वरून नाही कळत."

"असंल," त्या म्हणाल्या. "तुमी शिकलेली मानसां." आणि त्यांनी रहाटावरून कळशी सोडली. त्या रहाटाला 'कुई' असा एक आवाज आहे. मी फाट्यावर पोचेपर्यंत तो कानात राहतो.

जाळं मी घरी आणून धुतलं. त्यात गाळाचा कणसुद्धा नव्हता. ही गोष्ट मला त्याच दिवशी दिसली होती. दिसली आणि मी ती लिहिली नाही.

४

पुढच्या गुरुवारी आठ. मग साडेसात. मार्चअखेर सहा.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दोर निर्जीव असतो. खाली काही टेकलं की तो नुसता सैल पडतो. पण या दिवसांत तो सैल पडून क्षणभराने परत हलका ताठ व्हायचा. हिसका नाही, ओढ नाही. आपण कुणाच्या हातात दोराचं दुसरं टोक दिलं आणि त्याने ते नीट धरलं की जसं कळतं, तसं कळायचं. झऱ्याचा प्रवाह, असं मी मनाशी म्हणायची. एप्रिलमध्ये कसला आलाय प्रवाह?

कॉलेजात आमच्या विषयाला जिन्याखालची खोली दिलेली आहे. एक कपाट, एक टेबल, एक खिळा. खिडकी रंग मारताना चिकटली ती उघडत नाही. खिळ्याला वाळलेलं जाळं टांगलेलं असतं आणि कपाटात ती कुपी. एका सोमवारी दुपारी मी पेपर तपासत बसले होते आणि मागे आवाज झाला. 'टक.' पितळी कडं दगडाला टेकल्याचा. मागे वळून पाहिलं. जाळं खिळ्यावर होतं, अगदी स्थिर. जिन्यावरून मुलं गेली असतील, हादरा बसला असेल. थोड्या वेळाने पुन्हा झालं, तेव्हा जिन्यावर कुणी नव्हतं. मी उरलेले पेपर घरी नेऊन तपासले.

त्याच आठवड्यात यमुनाबाई म्हणाल्या, "निलेशला सांगितलंय. मे म्हयन्यात येनार हाय. बाव उपसून घेतो म्हनाला. तुमीच म्हनलाव ना, गाळ हाय."

आमच्याकडे जुनी माणसं विहिरीला बाव म्हणतात. बाव उपसायची म्हणजे पंपाने पाणी काढायचं आणि कुणीतरी कमरेला दोर बांधून तळाशी उतरायचं.

तेव्हा मी काय बोलायला हवं होतं? जाळ्याला चिखल लागत नाही, हे सांगायला हवं होतं. दोर कसा लागतो ते सांगायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात वेगळंच आलं. विहीर उपसली तर भेगा उघड्या पडतील. भेगांत आणखी सापडतील. दोन, चार, दहा. मग सुमोभर लोकांनाच काय, बसभर लोकांना दाखवता येईल.

"घ्या उपसून," मी म्हणाले. "मीही येईन त्या दिवशी."

५

सरांना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. भाट्याला त्यांच्या खोलीच्या खिडकीबाहेर सुरूची झाडं आहेत. वारा सुटला की बाहेर समुद्र कुठला आणि झाडं कुठली ते आवाजावरून कळत नाही. सर उशाला टेकून बसले होते.

"सर, रविवारी यमुनाबाईंची विहीर उपसतायत. निलेश उतरणार आहे तळाशी. दुसरा सापडणार आता, बघा तुम्ही."

सरांच्या घशातून जो आवाज निघाला तसा मी माणसाचा ऐकला नव्हता. ते डावा हात ताणत राहिले, इतका की खाटेच्या कडेवरून पडणार होते. "किती? किती? किती?"

"शून्य, सर. अजून शून्यच."

त्यांनी डोकं भिंतीवर आपटायला सुरुवात केली. सावित्रीताईंनी त्यांना धरलं आणि मला डोळ्यांनीच बाहेर जा म्हणाल्या. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या त्या एक जुनी वही घेऊनच. "ट्रंकेकडे बोट दाखवत होता. हीच हातात दिल्यावर गप्प झाला. तू ने, बाई."

ती सव्वीस वर्षांपूर्वीची वही होती. मी कधी न पाहिलेली. ओटीवर बसूनच उघडली.

फेब्रुवारी महिना, गुरुवार. वाव नऊ, नग एक. शेजारी सरांच्या अक्षरात, 'जिवंत. माठात ठेवला.' पुढच्या गुरुवारी वाव साडेआठ. मग आठ. मग सात. एकेक ओळ खाली जात होती आणि आकडा लहान होत होता. पाच, चार, तीन. एप्रिलच्या चौथ्या गुरुवारी दोन. त्याच तारखेला, त्याच ओळीत, पेन्सिल इतकी दाबून लिहिलेलं की कागद फाटला होता, 'परत सोडला.' आणि लगेच खाली, 'वाव नऊ.'

मग पानोपान नऊ. नऊ, नऊ, नऊ.

बाटली फुटली नव्हती. सरांनी जगाचं हसणं स्वतःवर घेतलं, फाटकं जाळं वापरलं, आणि दर गुरुवारी ते फक्त एक गोष्ट बघायला गेले. मी ओटीवर बसून खोलीकडे पाहिलं. दारातून सरांचा हात दिसत होता, अजून बाजूला ताणलेला. उजवा चालत नव्हता म्हणून एकच. अर्धी वाव. सहा महिने ते मला वाव विचारत होते आणि मी त्यांना नग सांगत होते.

मी त्यांना "शून्य" सांगत होते.

तरी माझी बुद्धी अडून बसली. एकदा घडलं म्हणून काय झालं, ती म्हणत होती. एकदा घडला तो अपघात. आणि त्याच्या पुढचं वाक्य मला पाठ होतं.

६

शुक्रवार स्वतःशी वाद घालण्यात गेला. शनिवारी संध्याकाळी उपसा थांबवा म्हणून सांगायला यमुनाबाईंना फोन केला, तो लागला नाही. रविवारी कॉलेजच्या खोलीची किल्ली मिळायला अकरा वाजले. कुपी ओढणीत गुंडाळली, स्कूटर काढली आणि पोचले तेव्हा साडेबारा होत होते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि सावली पडतच नाही. मी दरवर्षी मुलांना मैदानात बाटली उभी करून दाखवते. तो दिवस होता. सड्यावरच्या दगडांना, झुडपांना, मला, कुणालाच सावली नव्हती.

पंप सकाळपासून चालू होता. शेजारच्या कुणग्यात, भाताच्या तुकड्यात, पाण्याचं तळं झालं होतं आणि विहिरीतलं पाणी बोटभरही उतरलं नव्हतं. निलेश कठड्यावर आत पाय सोडून बसला होता, कमरेला दोर. दोर धरायला वाडीतली दोन माणसं. यमुनाबाई घमेलं घेऊन उभ्या.

"उतरू नकोस," मी म्हणाले.

"टेन्शन नको घेऊ मॅडम," निलेश हसला. "लिफ्टच्या कंपनीत आहे मी. शाफ्टमध्ये उतरायची सवय आहे. पाणी हटत नाय तर बुडी मारून बघतो, गाळ किती ते."

"गाळ नाहीये. खाली बघ."

सगळे वाकले. ऊन सरळ तळापर्यंत गेलं होतं. नऊ वाव खालचा जांभा स्पष्ट दिसत होता, विहीर खणणाऱ्यांच्या पहारीचे घाव दिसत होते, यमुनाबाईंचा चमचा दिसत होता. धुऊन ठेवल्यासारखा स्वच्छ तळ.

"मग तुमीच तर बोललात ना मॅडम," निलेश म्हणाला.

मी जाळं सोडलं. पाणी दीड वाव खाली होतं. कडं पाण्याला लागलं, हातभर आत गेलं आणि थांबलं. दोन गाठी. दोर माझ्या हातात ढिला पडला. त्या लख्ख पाण्यात, खाली सात वाव रिकामं पाणी असताना, जाळं कशावर तरी उभं होतं. कशावर ते दिसत नव्हतं. कुणीतरी जाऊन पंप बंद केला. निलेशने पाय हळूच वर घेतले.

ते सगळे जाळ्याकडे बघत होते. मी तळाकडे बघितलं.

ज्या वेळी सड्यावर कुणालाच सावली नव्हती, त्या वेळी विहिरीच्या तळावर एक सावली होती. फिकट, काचेची पडते तशी. एका भिंतीपासून सुरू होऊन समोरच्या भिंतीपर्यंत गेलेली. मधे अंग असावं, पण तिकडे मी पाहू शकले नाही. मला दिसले ते दोन पसरलेले हात. दोन्ही टोकं भिंतींना टेकलेली. मी अर्धं आयुष्य सरांना तसंच उभं राहिलेलं पाहिलं होतं, दोर मोजताना.

मी कुपीचं बूच काढलं आणि विहिरीत ओतली.

माझा नमुना, पेन्सिलची चिठ्ठी, सरांचं सगळं हसं पुसून टाकणारी एकमेव गोष्ट. स्पिरिट पाण्यात दोरे दोरे होऊन पसरलं. स्पिरिटमध्ये पांढरा पडलेला तो कण हातभर खाली गेला आणि जाळ्याच्या पातळीला थांबला. तिथेच थांबून राहिला. मग तळावरचे ते हात भिंतींपासून सुटले, आत वळले आणि कणाखाली एकत्र आले.

दोर माझ्या हातातून सळसळत सुटला. तळहात सोलले गेले. सात, आठ, नऊ. टक.

मी म्हणाले, "खाली हवा कोंडली होती. वायू असतो कधी कधी. इथे कुणी उतरायचं नाही." शिकलेलं माणूस बोललं की लोक ऐकतात. निलेश मान खाली घालून कमरेची गाठ सोडत होता. ती बराच वेळ सुटली नाही.

७

संध्याकाळी मी सरांच्या खाटेसमोर उभी राहिले. त्यांनी डावा हात ताणला. मी माझे दोन्ही हात पसरले.

"नऊ, सर. परत दिला."

सरांचा हात खाली आला. दिवाळीनंतर पहिल्यांदा. त्यांनी माझा पट्टी बांधलेला तळहात आपल्या गालाला लावून घेतला आणि आम्ही दोघंही रडलो. मला त्यांचा अभिमान वाटत होता. तो मेलेला होता, हे मी सांगितलं नाही. कापलेल्या हाताचंही सांगितलं नाही.

पुढच्या गुरुवारी नऊ. 'टक' ऐकून मी कठड्यावर डोकं टेकवलं.

त्याच्या पुढच्या बुधवारी प्रयोगशाळेची मेल आली. अभिनंदन, नवीन जात, कदाचित नवीन कुळसुद्धा. नमुन्याचा उरलेला भाग त्वरित पाठवावा. आम्हाला दिलेला हात तपासणीत पूर्ण वापरला गेला असल्याने परत करता येणार नाही. सोळा वर्षं मी या मेलची वाट पाहिली होती. रितेशने पेढे आणले. मी एक खाल्ला, कारण नाही म्हटलं असतं तर त्याचा पडलेला चेहरा मला बघवला नसता.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. जाळं सोडलं. पाच.

या वेळी आठवड्याला अर्धा-एक नाही. एकदम पाच. मी यमुनाबाईंना हात जोडून सांगितलं, विहिरीवर येऊ नका, नळाचं पाणी भरा.

"नळाला तीन दिसांनी येता पानी," त्या म्हणाल्या. "आनि बाय, बावीचा काय भ्या घालताव? सासूबाईपासून पितोय हा पानी."

८

भाट्याला पोचले तेव्हा पाच वाजले होते. भरती होती. सर दोन आठवड्यांत बरेच सावरले होते, सावित्रीताई त्यांना चमच्याने पेज भरवत होत्या. मी वाटेत ठरवून टाकलं होतं की नऊ सांगायचं. वहीत पाच लिहायचं आणि तोंडाने नऊ सांगायचं. या माणसाला आणखी एक गुरुवार झोप लागू दे.

सरांनी मला पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात फोन वाजला. यमुनाबाई. म्हणजे त्या कठड्यापाशी होत्या.

"बाय, गाळ परत आला वाटता."

"यमुनाबाई, तुम्ही विहिरीवर कशाला..."

"अवो, कळशी सोडली ती पान्यापरयंत पोचलीच नाय. कठड्याच्या खाली सोडली न सोडली तवर टेकली. कशावर टेकली ता दिसत नाय. आनि आता दोर वडतंय तर येत नाय वर."

"दोर सोडा. सोडून द्या कळशी आणि मागे व्हा. ऐकताय का? मागे व्हा."

"नवी कळशी हाय, बाय," त्या म्हणाल्या.

मग रहाटाचा आवाज आला. कुई. कळशी वर येताना तो एका लयीत येतो, मी तो सोळा वर्षं ऐकलाय. हा उलटा फिरत होता. सावकाश, एकेक फेरा, घाई नसल्यासारखा. मग तो थांबला. मी यमुनाबाईंच्या नावाने ओरडले, दोनदा, तीनदा. फोन चालू होता. पलीकडे सड्यावरचा वारा ऐकू येत होता.

सावित्रीताईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. खोलीत भरतीचा आवाज भरून आला होता. सर माझ्याकडे बघत होते. त्यांनी डावा हात उचलला आणि बाजूला ताणला, बोटांच्या टोकापर्यंत.

"किती?"

नऊ हा शब्द मी तयार ठेवला होता. तो निघाला नाही.

"शून्य, सर," मी म्हणाले.